देवदूत, रक्तपिपासू आणि एक मास्तर



ज्या मनुष्यानें आपली उभी हयात मुलांच्या दप्तरांतून भुताखेतांचीं पुस्तकें काढून घेण्यांत घालविली, त्यानेंच साठी उलटल्यावर देवदूत आणि रक्तपिपासू पिशाच्चें यांची प्रणयकथा पहांटेपर्यंत जागून वाचावी, हा दैवाचा विनोदच म्हटला पाहिजे. परंतु तसें घडलें खरें. आणि त्याची कबुली देण्याकरितांच मी आज आपल्यापुढें बोलत आहें.

आमची नात महाविद्यालयांत जाते. तिच्या उशापाशीं नलिनी सिंग ह्या लेखिकेची ‘एंजल्स ब्लड’ नांवाची इंग्रजी कादंबरी मला दिसली. लेखिकेचा जन्म फिजी बेटांतला, वंश भारतीय, आणि वाढली ती न्यूझीलंडमध्यें. कादंबरी २००९ सालची असून कथा घडते न्यूयॉर्क शहरीं. नातीस चार शब्द सुनवावे म्हणून मीं तें पुस्तक उघडलें. माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. म्हणून शब्दकोश जवळ घेतला. दुसऱ्या रात्रीं शब्दकोश बाजूला राहिला आणि पुस्तक तेवढें हातांत उरलें!

ह्या कथेंतले देवदूत पंख असलेले खरे, पण मंगलमूर्ति मात्र नव्हेत. दहा महादेवदूत सर्व पृथ्वीवर सत्ता गाजवितात. मनुष्याचा रक्तपिपासू बनविण्याची शक्ति देवदूतांपाशींच आहे. ज्याला दीर्घायुष्य हवें, त्यानें त्याच्या मोबदल्यांत शंभर वर्षें चाकरी करावी, असा करार. आणि करार मोडून पळणाऱ्यांस पकडून आणणारे शिकारी निराळे. अशाच एका शिकारी तरुणीस, एलिनाला, रॅफेल नांवाचा महादेवदूत एक भयंकर कामगिरी सांगतो : बहकलेल्या दुसऱ्या महादेवदूताचा शोध! एक मर्त्य स्त्री, दुसरा हजारांहून अधिक वर्षें जगलेला. त्या दोघांमध्यें प्रेम उपजतें. पुढचें सांगून मी कोणाचा रसभंग करीत नाहीं.

मला गोडी लागली ती कशाची, ह्याचा मीं पुष्कळ विचार केला. पहिली गोष्ट, अशक्य जगाचे नियम फार कडक असतात. विक्रमानें प्रेत खांद्यावर घेऊन मौन पाळावयाचें. तें मोडलें कीं वेताळ पुन्हां झाडावर. पुरूरव्याजवळ उर्वशी राहिली ती अटी घालूनच. बर्टन साहेबांनीं १८७० सालीं वेताळकथा इंग्रजींत नेतांना पुस्तकाच्या नांवांत आमच्या वेताळास ‘व्हॅम्पायर’ करून टाकलें. पण आमचा वेताळ रक्त मागत नाहीं, उत्तर मागतो! म्हणूनच पुण्यांत वेताळ टेकडीवर त्याच्या देवळापुढें हात जोडतांना मला तो आमच्याच पेशांतला वाटत आला आहे.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. १८६८ सालीं नारो सदाशिव रिसबूड यांनीं ‘मंजुघोषा’ ही अद्भुतरम्य कादंबरी प्रसिद्ध केली. आपल्या विवाहपद्धतीमुळें व अशाच इतर कारणांमुळें आपल्या नित्याच्या आयुष्यांत मन रंगवील असें कांहीं आढळत नाहीं, म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहूं पाहणारास अद्भुताचाच आश्रय करावा लागतो, अशा आशयाची तक्रार त्यांनीं प्रस्तावनेंत केली आहे. बालविवाहाच्या त्या काळीं प्रेम जुळण्यास वावच नव्हता. आज पाहावें तों उलट प्रकार. दोघांनीं एकमेकांस पसंत केलें कीं निम्मी कथा तिथेंच संपते. जातीच्या भिंती अजून पडल्या नाहींत, हें खरें. परंतु कथाकारास त्यांहूनही उंच भिंत हवी असते. मर्त्य आणि अमर यांच्यामधली भिंत ती हीच. ज्याला मरण नाहीं, त्याला मरणाऱ्या माणसाच्या एका दिवसाची किंमत कळेल काय? ज्यांनीं आपलें माणूस गमावलें आहे, त्यांना हा प्रश्न पोरकट वाटणार नाहीं. मला तरी तो वाटला नाहीं.

आतां कबुली. अनेक वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतला एक मुलगा बाकाखालीं नारायण धारप यांची ‘लुचाई’ वाचतांना सांपडला. स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली ही रक्तपिपासूंची कादंबरी. धारपांनीं आम्हां मराठी वाचकांच्या दोन पिढ्या भिवविल्या. २००८ सालीं ते वारले. मीं पुस्तक जप्त केलें, मुलास सर्वांदेखत ‘डोक्यांत भुसा भरतोस’ म्हणून हिणविलें, आणि रात्रीं घरीं तेंच पुस्तक दार लावून वाचून काढलें. तें होतें वाचनालयाचें. परत करण्याची मला लाज वाटली. अनामत रक्कम मुलाच्या वडिलांची बुडाली. मुलगा हुशार होता, पण त्यानंतर त्याच्या हातांत पाठ्यपुस्तकावांचून दुसरें पुस्तक मीं पाहिलें नाहीं. ‘लुचाई’ अजून माझ्या कपाटांत आहे. रक्तपिपासू कोणाचें काय शोषून घेतो, हें मला फार उशिरां उमगलें.

तो गृहस्थ आज हें भाषण ऐकत असेल, तर त्यानें मला क्षमा करावी आणि आपलें पुस्तक घेऊन जावें. आणि ज्यांच्या घरीं मुलें असलीं पुस्तकें वाचतात, त्या वडीलधाऱ्यांस माझी एवढीच विनंति कीं, पुस्तक हिसकावण्यापूर्वीं त्यांच्याशेजारीं बसून एकच प्रश्न विचारावा : ‘मग पुढें काय झालें?’