रस्तारुंदी : वाढलेल्या जागेवर पहिला हक्क कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



रस्तारुंदीचा प्रस्ताव महानगरपालिकेपुढे येतो तेव्हा त्याला विरोध करणारा आवाज सहसा उठत नाही. वाहतुकीची कोंडी सर्वांनाच जाचते. रस्ता रुंद झाला की ती सुटेल, हे इतके स्वाभाविक वाटते की त्याची चौकशी करण्याची गरजच कोणाला भासत नाही. प्रस्तावात सध्याची रुंदी, वाढीव रुंदी, खर्च आणि मुदत यांचे आकडे असतात. त्या रस्त्यावरून रोज किती माणसे पायी जातात, किती बसने जातात, रुंदीत कोणाची घरेदुकाने जातात आणि पथारीवर पोट भरणारे उद्या कोठे बसणार, याचा आकडा बहुधा नसतो. जे मोजले जात नाही त्याचा विचारही होत नाही. म्हणून रस्तारुंदी हा केवळ अभियंत्यांचा विषय मानून स्वस्थ बसणे योग्य नाही. तो सार्वजनिक जमिनीच्या वाटपाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाची दोन अंगे आहेत. रुंदीकरणासाठी घेतलेली जागा कोणाला मिळते, हे पहिले. आणि काम त्वरेने व्हावे यासाठी नेमके काय टाळले जाते, हे दुसरे. दोहोंचा विचार पुण्याच्या उदाहरणावरून करणे सोयीचे होईल, कारण या शहरात चुकीचे आणि बरोबरचे असे दोन्ही धडे जवळजवळ एकाच परिसरात गिरवले गेले आहेत.

विद्यापीठ चौकात या शतकाच्या पहिल्या दशकात उड्डाणपूल बांधण्यात आले. कोंडी कायमची सुटेल, असे तेव्हा सांगितले गेले. ती सुटली नाही. मेट्रोच्या मार्गात आणि नव्या दुमजली पुलाच्या आराखड्यात ते बसेनात, म्हणून जुलै २०२० मध्ये ते पाडण्यात आले. त्याच गणेशखिंड रस्त्याची रुंदी ३६ मीटरवरून ४५ मीटर करण्याचे काम पुढे हाती घेतले गेले आणि त्यापायी जुन्या वृक्षांच्या तोडीचा वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. सार्वजनिक पैशाने बांधलेली वास्तू दोन दशकांच्या आतच सार्वजनिक पैशाने पाडावी लागते, तेव्हा दोष काँक्रीटचा नसतो. तो दोष वाहनांची संख्या हाच एकमेव मापदंड मानणाऱ्या नियोजनाचा असतो.

हा मापदंड का फसतो, याचे कारण अर्थशास्त्राने केव्हाच सांगून ठेवले आहे. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्येच असे दाखवले की, शहरातील द्रुतमार्गाची क्षमता वाढवली की गर्दीच्या वेळची वाहने त्या क्षमतेइतकी वाढतात. कालपर्यंत बसने जाणारा, वेळ टाळून निघणारा किंवा दुसऱ्या वाटेने जाणारा मनुष्य मोकळ्या रस्त्याकडे वळतो आणि काही काळाने कोंडी पूर्वीच्याच ठिकाणी येऊन उभी राहते. फरक एवढाच पडतो, की पूर्वी दोन रांगा अडकून पडत, आता चार पडतात.

मात्र पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने बराच फरक पडतो. साधा हिशेब पाहावा. चौदा मीटरचा वाहनमार्ग सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालणारा धडधाकट मनुष्य अकरा-बारा सेकंदांत ओलांडतो. तोच मार्ग एकवीस मीटरचा झाला की त्याला सतरा सेकंद लागतात. डोक्यावर टोपली घेतलेली भाजीवाली किंवा काठी टेकीत चालणारे आजोबा सेकंदाला पाऊण मीटरच्या गतीने गेले, तर त्यांना अठ्ठावीस सेकंद लागतात. सिग्नल तेवढा वेळ देतो काय? बहुतेक ठिकाणी देत नाही. शिवाय मोकळ्या, रुंद रस्त्यावर वाहने वेग घेतात. ताशी तीस किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीची धडक बसलेला मनुष्य बहुधा वाचतो. वेग पन्नासवर गेला की मृत्यूची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होती. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक जण कोणतेही वाहन न चालवता, कोणत्याही वाहनात न बसता मेला.

नियम नाहीत म्हणून हे घडते, असे समजण्याचे कारण नाही. रस्त्यांचे नियोजन वाहनांसाठी न करता माणसांच्या वाहतुकीसाठी करावे, हे तत्त्व राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच मान्य केले. पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची अडथळाविरहित वाट असावी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत नमूद आहे. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये स्वतंत्र पादचारी धोरण स्वीकारले. अपंगांच्या हक्कांचा कायदाही त्याच वर्षीचा आहे. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, चालण्यायोग्य व मोकळा पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या अधिकाराचाच भाग आहे, असे स्पष्ट केले. कागदावर पादचारी राजा आहे. रस्त्यावर मात्र त्याला गटाराच्या झाकणावरून, दुचाकींच्या फटीतून आणि रोहित्राच्या खांबाला वळसा घालून जावे लागते.

हे बदलता येते, हे जंगली महाराज रस्त्याने दाखवून दिले आहे. गेल्या दशकात या रस्त्याची पुनर्रचना झाली तेव्हा कोणाची भिंत पाडून रस्ता रुंद केला गेला नाही. असलेल्या रुंदीचीच फेरवाटणी झाली. पूर्वी वाहनमार्ग कोठे फुगलेला तर कोठे आक्रसलेला होता. अशा रस्त्याची वहनक्षमता त्याच्या सर्वांत अरुंद जागेवरून ठरते. बाकीची फुगीर जागा वाहने उभी करण्याच्या कामी येते. तो मार्ग एकसारख्या रुंदीचा केल्यावर जी जागा मोकळी झाली ती पदपथाला मिळाली. जुने वृक्ष राहिले, त्यांच्या सावलीत बसण्याची सोय झाली. पार्किंग गेले म्हणून काही दुकानदारांनी कुरकुर केली. पदपथावर दुचाकी चढवण्याची खोडही अजून गेलेली नाही. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. रुंदीकरणाआधी फेरवाटणी करून पाहणे शक्य असते, आणि ती स्वस्त असते.

याचा अर्थ रस्ता कधीच रुंद करू नये, असा नव्हे. जेथे दोन बसगाड्या एकमेकींना ओलांडू शकत नाहीत, जेथे अग्निशामक दलाचा बंब वस्तीत शिरू शकत नाही, तेथे रुंदी हवीच. परंतु तेथेही वाटणीचा क्रम उलटा असला पाहिजे. आज प्रथम मोटारींच्या रांगा आखतात, मग पार्किंग, आणि उरलेसुरले ते पदपथाला. पादचारीस्नेही आराखड्यात प्रथम दोन्ही बाजूंची चालण्याची अखंड वाट आखावी लागते, मग वृक्ष, दिवे, बसथांबे व पथारीवाले यांच्यासाठी स्वतंत्र पट्टा, मग बस, आणि त्यानंतर इतर वाहने. शहरातील वाहनरांगेला महामार्गाइतकी रुंदी लागत नाही. तीन ते सव्वातीन मीटर पुरतात. ओलांडण्याच्या जागी मध्ये थांबण्यासाठी दुभाजकाचा रुंद ओटा असला की अठ्ठावीस सेकंदांची धाव दोन लहान टप्प्यांत वाटली जाते. गल्लीच्या तोंडाशी पदपथ तुटता कामा नये. गाडीने तेथे चढ चढून, वेग कमी करून जावे. यांतील एकाही गोष्टीला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही.

आता दुसरा भाग, त्वरेचा. काम लांबले की दुकानदाराचा धंदा बुडतो, रिक्षावाल्याचे इंधन जळते आणि धूळ फुफ्फुसांत जाते ती तेथेच राहणाऱ्याच्या. तेव्हा काम लवकर व्हावे, ही मागणी जनतेचीच आहे. पण त्वरा दोन प्रकारची असते. एका प्रकारात सुनावणी गुंडाळतात, पहाटे बुलडोझर आणतात, डांबर पसरून उद्घाटन उरकतात. आणि सहा महिन्यांत जलवाहिनीसाठी तोच रस्ता पुन्हा खणतात. दुसऱ्या प्रकारात तयारीला वेळ देतात, आणि मग एकदाच खणतात.

बेंगळुरूमध्ये टेंडरशुअर नावाने जे रस्ते बांधले गेले, त्यांत हा दुसरा मार्ग पत्करला होता. पाणी, सांडपाणी, पावसाळी गटार, वीज व दूरध्वनी या सर्वांच्या वाहिन्या एकाच निविदेत घेऊन पदपथाखाली नीट मांडण्यात आल्या, जेणेकरून दुरुस्तीसाठी वाहनमार्ग फोडावा लागू नये. त्या कामांना विलंब झाला आणि खर्चावर टीकाही झाली, हे लपवण्याचे कारण नाही. जमिनीखाली काय दडले आहे याचे नकाशे आधीच तयार नसले की विलंब अटळ होतो. म्हणून भूमिगत वाहिन्यांचे सर्वेक्षण निविदेपूर्वी व्हावे. गटाराचे व पदपथाच्या कडेचे भाग कारखान्यात ओतून आणावेत. जागेवर ओतलेल्या साध्या काँक्रीटला पूर्ण बळ यायला अठ्ठावीस दिवस लागतात, ते दिवस रस्त्यावर न जाता कारखान्याच्या आवारात जातील. सारा रस्ता एकदम न उखडता दोन-तीनशे मीटरचे टुकडे घ्यावेत, एक संपल्याविना दुसरा उघडू नये, आणि पावसाळ्याआधी कोणतीही चारी उघडी राहू नये. काम चालू असताना पादचाऱ्याला सुरक्षित पर्यायी वाट देणे ही ठेकेदाराच्या करारातील अट असावी.

ठेकेदाराच्या जबाबदारीचे उदाहरण शोधायला दूर जाण्याची आवश्यकता नाही. हाच जंगली महाराज रस्ता रेकाँडो या मुंबईच्या कंपनीने १९७६ च्या आरंभी पूर्ण केला, तेव्हा त्याला दहा वर्षांची हमी लिहून दिली होती. हमीची मुदत संपून कित्येक वर्षे लोटली तरी तो टिकला, याची पुणेकरांत आजही चर्चा होते. त्या कंपनीला महापालिकेचे पुढचे काम मिळाले नाही, हेही लोक तितकेच आठवणीने सांगतात. टिकाऊ काम अशक्य नसते. मात्र ते वारंवार ठेके निघण्याच्या व्यवस्थेला सोयीचे नसते.

आणि पथारीवाले? मिळकतीच्या मालकाला मोबदला मिळतो, वाढीव चटईक्षेत्र मिळते. भाडेकरू दुकानदाराचे नाव कागदावर कोठेतरी असते. पथारीवाला मात्र अडथळा म्हणूनच नोंदला जातो. १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे म्हटले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवण्यास मनाई केली आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी पथविक्रेत्यांचेच असावेत, असे ठरवून दिले. पादचारी आणि पथारीवाला यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा डाव सोपा आहे, कारण दोघेही एकाच आकुंचित पट्ट्यावर उभे असतात. त्यांच्या शेजारी मोटार दहा-बारा चौरस मीटर जागा फुकट अडवून दिवसभर उभी असते, हे कोणी बोलत नाही. चालणाऱ्याची वाट मोकळी ठेवून विक्रेत्याला आखलेली जागा देणे, ही दोघांचीही मागणी झाली पाहिजे.

हे सर्व कोण ठरवणार? चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची तरतूद १९९२ मध्येच केली. परंतु मार्च २०२२ मध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपल्यावर पुण्याचा कारभार दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती राहिला. रस्त्याची रेषा नकाशावर अशा काळात सरकली, तर तिच्याविषयी जाब विचारायचा कोणाला?

म्हणून ज्या कार्यकर्त्याच्या प्रभागात रुंदीकरणाची नोटीस लागेल, त्याने घोषणेआधी मोजपट्टी हाती घ्यावी. सकाळी आठ ते दहा आणि सायंकाळी पाच ते आठ त्या रस्त्यावर उभे राहून पायी जाणारे, बसमधले, सायकलवरचे आणि मोटारींतील लोक मोजावेत. पदपथाची रुंदी व उंची मोजावी. पथाऱ्यांची आणि भाडेकरूंची यादी करावी. मग हरकतीच्या मुदतीत चार गोष्टी लेखी मागाव्यात : असलेल्या रुंदीच्या फेरवाटणीचा पर्यायी आराखडा, भूमिगत वाहिन्यांचा नकाशा, विस्थापितांच्या जागांची निश्चिती काम सुरू होण्यापूर्वी, आणि दहा वर्षांच्या हमीचा करार. हे आकडे ज्याच्याजवळ असतील त्याला सभेत डावलणे अवघड जाते. महापालिकेने न केलेली मोजणी पाच-सात कार्यकर्ते दोन दिवसांत करू शकतात. हरकतीची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही, एवढे ध्यानात ठेवून कामाला लागावे.