बेळगावचा दूरपल्ल्याचा धावपटू

२२ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जममधील अँटवर्प शहरी ऑलिंपिकची मॅरेथॉन शर्यत झाली. हवेत गारठा होता, पाऊस पडत होता. सुमारे पन्नास धावपटूंत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे एक होते. फिनलंडच्या हान्नेस कोलेमाइनेन यांनी ही शर्यत २ तास ३२ मिनिटांत जिंकली. चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले.

पदक न मिळाल्याने हे नाव मागे पडले. खुद्द बेळगाव-निपाणीच्या सीमाभागातही ते किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल, ही शंकाच आहे. शाळेच्या पटावर एकोणिसावा नंबर म्हणजे घरी सांगण्याची चोरी! पण या एकोणिसाव्या क्रमांकामागे काय होते, ते पाहिले पाहिजे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत शेतकऱ्यांची मुले दूर पल्ल्याच्या शर्यतीत अनवाणी धावली. जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा त्यांची धाव पाहून चकित झाले आणि त्यांच्याच पुढाकाराने पुढील वर्षी हिंदी खेळाडू अँटवर्पला गेले. शास्त्रशुद्ध शिक्षणाची परंपरा अशी या मुलांच्या पाठीशी नव्हतीच.

आणखी एक गंमत आहे. मॅरेथॉनचे आजचे अंतर ४२.१९५ किलोमीटर, ते १९२१ साली कायम झाले. अँटवर्पचा मार्ग मात्र ४२.७५ किलोमीटरांचा होता. मॅरेथॉनहून लांब शर्यतीला आज ‘अल्ट्रामॅरेथॉन’ म्हणतात. शब्दशः हिशेब केला, तर चौगुले ५५५ मीटरांची अल्ट्राच धावले!

खरी अल्ट्रा अर्थात फार वेगळी. १९८६ साली मोरोक्कोच्या वाळवंटात सुरू झालेल्या शर्यतीत सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर टप्प्याटप्प्याने कापावयाचे आणि आपली शिदोरी आपल्याच पाठीवर वाहावयाची. अशा ठिकाणी नुसत्या वेगाचा उपयोग थोडा. स्नायूंत साठविलेली साखर दोन-तीन तासांच्या जोराच्या धावेत संपत येते. म्हणून शहाणा धावपटू चालता-चालता खात राहतो. उभ्या चढावर तो धावतच नाही, चालतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. चढापेक्षा उतार अधिक छळतो. उतरताना प्रत्येक पावलागणिक मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, त्यांचे सूक्ष्म तंतू तुटतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरणेही नकोसे होते. उन्हात घामाबरोबर मीठ जाते. तहान नसता केवळ साधे पाणी पीत राहिल्यास रक्तातील मिठाचे प्रमाण घटते आणि ते जिवावरही बेतू शकते.

असे शिक्षण घेण्यास मोरोक्कोच गाठले पाहिजे असे नाही. निपाणीजवळचा तवंदीचा घाट चढ-उतार शिकवील. बेळगावच्या पश्चिमेस जांबोटी-चोर्ल्याकडे दाट रान आहे. पूर्वेस सौंदत्तीकडे पाऊस उणावत जातो आणि यल्लम्माच्या डोंगरावर खडक व ऊन यांचीच सोबत उरते. तो डोंगर भाविक पिढ्यान्‌पिढ्या पायी चढत आले आहेत. त्यांची वेळ मात्र कोणी लावली नाही.

अँटवर्पला वेळ लावली होती. अनेकांनी त्या ओल्या रस्त्यावर शर्यत अर्ध्यावर सोडली. चौगुल्यांचे सहकारी सदाशिव दातार हेही त्यांतच होते. निकालपत्रकात अशांच्या नावापुढे वेळेचा आकडा नाही. चौगुल्यांच्या नावापुढे तो आहे : २ तास, ५० मिनिटे, ४५ सेकंद.