निगेटिव्ह

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मघाशी सूत्रसंचालक म्हणाले, "आज कोणी निगेटिव्ह बोलायचं नाही." मी मात्र निगेटिव्हवरच बोलणार आहे.

तपासणीचा अहवाल निगेटिव्ह आला की आपल्याला हायसं वाटतं, आणि माणूस निगेटिव्ह असला की आपण त्याला टाळतो. आपल्या लहानपणी मात्र निगेटिव्ह म्हणजे फोटोची काळपट फिल्म. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० मध्ये फोटोसाठी हा शब्द वापरला. त्यात वाईट काही नव्हतं. अर्थ एवढाच, की चित्र उलटं. जिथे उजेड पडतो तिथे फिल्मवरची चांदी काळी होते, सावलीची जागा पारदर्शक राहते. तिच्यातून कागदावर पुन्हा उजेड सोडला की उलट्याचं सुलट होतं. अशा कितीही कॉप्या निघतात.

दहावीच्या निरोपाला शाळेच्या पायऱ्यांवर आपला ग्रुप फोटो निघाला. कॉपी हवी त्याने पैसे द्यायचे होते. मी दिले नाहीत. "मला फोटोची आवड नाही," असं सांगून मोकळा झालो. खरं कारण घरच्यांना ठाऊक होतं. ज्यांनी घेतल्या, त्यांच्याही बहुतेक कॉप्या मंडणगडच्या पावसाने आणि वाळवीने खाल्ल्या.

गेल्या वर्षी मुंबईहून एका मुलीचा फोन आला. आपल्या मागच्या रांगेतल्या मित्राची ती मुलगी. तो शाळा सुटताच मुंबईला कामाला गेला होता. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती म्हणाली, "काका, बाबांचा लहानपणीचा एकही फोटो घरात नाही. तुमच्याकडे आहे का?"

विचारत विचारत मी आपल्या वर्गशिक्षकांच्या घरी पोचलो. सरांनी ट्रंकेतून एक पाकीट काढलं. "स्टुडिओ बंद झाला तेव्हा मागून घेतली होती," म्हणाले.

मी निगेटिव्ह खिडकीशी धरली. आपले पांढरे शर्ट काळे, आणि सगळ्यांचे केस पांढरेशुभ्र! सोळाव्या वर्षीच आपण आजच्यासारखे दिसत होतो. मला हसू आलं. मग मागच्या रांगेत तो दिसला. त्याचे केस पिकलेले मी तेवढेच पाहिले.

ती स्कॅन करून कॉप्या काढल्या. पहिली त्याच्या मुलीला पाठवली, दुसरी मी घेतली. पैसे न दिलेले आम्ही सगळे त्यात होतो.

आज जेवणाआधी पुन्हा ग्रुप फोटो आहे. फोनमधल्या फोटोला निगेटिव्ह नसते. म्हणून तो छापून घ्या आणि मागे सगळ्यांची नावं लिहा. समितीला एकच विनंती, या वेळी कॉपीचे पैसे कोणाकडूनही घेऊ नका.