‘लेकराचं ऐकू नका’ असं सांगणाऱ्या जागा



बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब उरकला की पुढचा अर्धा तास कुणाच्या ना कुणाच्या लेकराचा असतो. कुणाचा पोरगा शाळा बुडवतो, कुणाचा गुटख्याच्या पुढं जाऊन दारूला लागलाय, कुणाची मुलगी दिवसभर गप्प असते आणि विचारलं की अंगावर येते. मग कुणीतरी म्हणतं, “ठेवून द्या कुठंतरी सहा महिने. सरळ होऊन येईल.” आज आम्ही या ‘कुठंतरी’बद्दल बोलणार आहोत.

ही गोष्ट आहे अमेरिकेची. दूरची वाटेल, पण शेवटपर्यंत ऐका. तिथं पन्नासेक वर्षांत ‘बिघडलेल्या’ मुलांना सुधारण्याचा मोठा धंदाच उभा राहिला. डोंगरात, रानात, वाळवंटात निवासी शाळा, शिबिरं आणि उपचार केंद्रं निघाली. व्यसन करणारी, घरातून पळणारी, उदास राहणारी, उलट बोलणारी, सगळीच मुलं तिथं चालत. आईबापांना एकच शब्द दिला जायचा : आम्ही सुधारून देतो. आत काय चालायचं, ते तिथून बाहेर पडलेल्या मुलांनी मोठं झाल्यावर सांगितलं आणि सरकारी चौकश्यांतही ते नोंदलं गेलं.

याचं मूळ १९५८ सालात जातं. कॅलिफोर्नियात चार्ल्स डेडरिक नावाच्या माणसानं ‘सिनॅनॉन’ ही संस्था काढली. तो स्वतः दारूतून बाहेर आलेला. नशेत अडकलेल्या मोठ्या माणसांना तिथं एकत्र ठेवत. उपचाराचं नाव होतं ‘खेळ’. सगळ्यांनी गोल बसायचं, एकाला धरायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यावर तोंडसुख घ्यायचं. शिव्या द्यायच्या, उणीदुणी काढायची, तो रडेपर्यंत सोडायचं नाही. माणूस आधी मोडला की मग नवा घडवता येतो, अशी ती समजूत. सुरुवातीला या संस्थेचं फार कौतुक झालं. पुढं १९७८ मध्ये तिच्याच दोन माणसांनी, संस्थेविरुद्ध खटला लढवणाऱ्या वकिलाच्या घरच्या टपालपेटीत विषारी साप ठेवला. वकिलाला साप चावला, नशिबानं तो वाचला. संस्था पुढं बुडाली. पण मोडून घडवायची ती रीत तोवर मुलांच्या केंद्रांत पोचली होती.

फ्लोरिडा राज्यात १९७० मध्ये ‘द सीड’ नावाचं केंद्र निघालं. त्याला सरकारी पैसाही मिळाला. १९७४ मध्ये अमेरिकेच्या संसदेतल्या एका समितीनं अहवालात म्हटलं, की इथल्या पद्धती कोरियाच्या युद्धात पकडलेल्या सैनिकांचं मन फिरवण्यासाठी वापरलेल्या पद्धतींसारख्या आहेत. म्हणजे ५० वर्षांपूर्वी धोक्याची घंटा वाजली होती. तरी एक जागा बंद पडली की दुसरी नव्या नावानं उघडायची. माणसं पुष्कळदा तीच, रीतही तीच.

ती रीत आता नीट समजून घेऊ. सुरुवात बऱ्याचदा रात्री व्हायची. आईबापांनी पैसे देऊन बोलावलेली दोन दांडगी माणसं पहाटे मुलाच्या खोलीत शिरायची आणि झोपेतून उठवून त्याला घेऊन जायची. मुलाला वाटायचं, आपल्याला कुणी पळवून नेतंय. आईबाप दारात उभे. तिथं पोचल्यावर अंगझडती. पळू नये म्हणून कित्येक ठिकाणी पायातले बूटसुद्धा काढून घेत.

मग पायऱ्यांची शिडी. नवं मूल सगळ्यात खालच्या पायरीवर. त्यानं परवानगीशिवाय बोलायचं नाही, खिडकीबाहेर बघायचं नाही, संडासलाही विचारून जायचं. चांगलं वागलं की एक पायरी वर, चुकलं की परत तळाला. घरी फोन करणं हे सुद्धा वरच्या पायरीवरचं बक्षीस. आईचा आवाज ऐकायला मिळणं हा हक्क राहिला नाही, तो इनाम झाला.

वर चढायचं कसं? तर गोलात बसून पापं कबूल करायची. ज्यानं काहीच केलेलं नाही त्यानंही काहीतरी कबूल करायचं, नाहीतर ‘हा अजून लपवतोय’ असा शिक्का बसायचा. म्हणून मुलं न केलेल्या गोष्टी रचून सांगायची. वर गेलेल्या मुलांना खालच्यांवर पहारा द्यायला लावायचं. एकानं दुसऱ्याची चहाडी केली की त्याची पायरी वाढायची. अशा ठिकाणी मैत्री कशी होणार? आणि जिथं मुलं एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत, तिथं तक्रार तरी कोण कुणाजवळ करणार?

शिक्षाही तशाच. तासन्‌तास उभं राहणं, रिकाम्या खोलीत एकट्याला कोंडणं, गुंगीचं इंजेक्शन देणं, चार-पाच मोठ्या माणसांनी खाली पाडून दाबून धरणं. जमैका बेटावर ‘ट्रँक्विलिटी बे’ नावाचं केंद्र होतं. नावाचा अर्थ शांततेचा किनारा. तिथं बहुतेक अमेरिकेतली मुलं पाठवत. शिक्षा झालेल्या मुलाला फरशीवर पालथं झोपवून ठेवत, कधी दिवसेंदिवस. ते २००९ मध्ये बंद पडलं.

तुम्ही म्हणाल, आया काय करत होत्या? त्यांना कळलं कसं नाही? बायांनो, हाच या सगळ्याचा गाभा आहे. मूल आत गेलं की आईबापांना पहिली सूचना मिळायची : “तुमचा मुलगा लिहील, इथं मारतात, उपाशी ठेवतात, मला घेऊन जा. विश्वास ठेवू नका. घरी यायला तो खोटं बोलतोय. तुम्ही विरघळलात तर सगळा उपचार वाया जाईल.” मुलाची पत्रं संस्थेची माणसं आधी वाचायची. फोनवर कुणीतरी शेजारी बसून ऐकायचं आणि मुलानं तक्रारीचा शब्द काढला की फोन तोडायचं.

बघा, किती पक्की गाठ मारली आहे. मूल गप्प राहिलं तर ‘सुधारतंय’. मूल ओरडलं तर ‘अजून खोटं बोलतंय, आणखी सहा महिने ठेवा’. तक्रार हाच आजाराचा पुरावा ठरवला, की कितीही मारलं तरी बाहेर कळत नाही. त्या आया दुष्ट नव्हत्या. थकलेल्या होत्या, घाबरलेल्या होत्या. कित्येकांनी घर गहाण ठेवून फी भरली होती. ‘आता पोरगं मरणार नाही’ एवढीच त्यांची आशा होती. त्या आशेवरच धंदा चालत होता.

आणि मुलं मेली. अमेरिकेच्या सरकारी तपासणी खात्यानं २००७ मध्ये संसदेपुढं अहवाल ठेवला. १९९० पासूनच्या छळाच्या हजारो तक्रारी त्यांना सापडल्या. एकट्या २००५ सालात ३३ राज्यांनी मिळून १,६१९ कर्मचाऱ्यांची नावं छळाच्या प्रकरणांत नोंदली होती. दहा मुलांच्या मृत्यूंचा त्यांनी बारकाईनं तपास केला. कुणाला उन्हात पाणी न देता चालवलं होतं, कुणी दुखतंय म्हटलं तर ‘नाटक करतोय’ म्हणून डॉक्टरला बोलावलं नव्हतं.

एप्रिल २०२० मध्ये मिशिगन राज्यातल्या केंद्रात १६ वर्षांच्या एका मुलानं जेवताना सँडविच फेकलं. एवढ्यावरून कर्मचाऱ्यांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं, सुमारे १२ मिनिटं. दोन दिवसांनी तो दवाखान्यात गेला. शवतपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी हा मनुष्यवध ठरवला. त्या मुलाची आई आधीच वारली होती आणि तो सरकारच्या ताब्यात होता. ज्याला विचारायला आईच नाही, त्याच्यासाठी दार कोण ठोठावणार? हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त टोचतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात रानातल्या शिबिरात १२ वर्षांचं मूल पहिल्याच रात्री दगावलं. त्याला जमिनीवर, एका माणसापुरत्या छोट्या तंबूत झोपवलं होतं आणि तो उघडला तर कळावं म्हणून त्याला घंटी लावली होती. शवतपासणीत मृत्यूचं कारण निघालं गुदमरणं. त्याच वर्षी जूनमध्ये संसदेच्या एका समितीनं मोठ्या कंपन्यांच्या केंद्रांवर अहवाल काढला. गरिबांच्या उपचारांचा सरकारी पैसा या केंद्रांना मिळतो. म्हणून खाटा भरलेल्या ठेवायच्या आणि माणसं कमी नेमायची, म्हणजे नफा वाढतो, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

बदल घडला तो आतून आलेल्यांच्या आवाजानं. पॅरिस हिल्टन हे नाव तुमच्या मुलींना ठाऊक असेल. मोठ्या हॉटेलवाल्या घराण्यातली प्रसिद्ध बाई. तिला सतराव्या वर्षी युटा राज्यातल्या ‘प्रोव्हो कॅनियन’ शाळेत ठेवलं होतं. तिथं आपल्याला मारलं, कोंडलं, जबरदस्तीनं गोळ्या दिल्या, असं तिनं २०२० मध्ये उघडपणे सांगितलं. शाळेचे आताचे मालक म्हणतात, ते आमच्या आधीच्या काळातलं. पण तिच्या पाठोपाठ शेकडो जण बोलू लागले. वीस वर्षं ती लाजेनं गप्प होती. एवढ्या श्रीमंत घरच्या मुलीचं कुणी ऐकलं नाही, तर गरिबाच्या पोराचं काय, याचा विचार करा.

मार्च २०२१ मध्ये युटा राज्यानं कायदा केला. मुलांना दाबून धरण्यावर आणि कोंडण्यावर बंधनं आली, वर्षातून चार वेळा तपासणी ठरली आणि दर आठवड्याला मुलाला घरच्यांशी मोकळेपणी, कुणी न ऐकता बोलू द्यायचं ठरलं. डिसेंबर २०२४ मध्ये देशपातळीवरही कायदा आला. तो मुख्यतः अशा केंद्रांचा अभ्यास करून शिफारशी मागवणारा आहे, म्हणजे काम अजून बाकी आहे.

आता आपल्याकडं येऊ. दारूच्या किंवा नशेच्या त्रासासाठी अठरा वर्षांखालच्या मुलाला दाखल करायचं, तर आपल्या देशात २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे. त्यात लिहिलंय, की आधी डॉक्टरांनी स्वतंत्र तपासणी केली पाहिजे. मुलाला मोठ्या माणसांत ठेवायचं नाही. आणि आई, बाप किंवा त्यांनी नेमलेलं माणूस मुलाजवळ सगळा वेळ राहिलं पाहिजे. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल, तर सोबत बाईच हवी. साखळीनं बांधायला कायद्यानं पूर्ण बंदी आहे. एकांतात कोंडायलाही बंदी आहे.

म्हणजे कुणी म्हणालं, “पोरगं सोडा आणि तीन महिने इकडं फिरकू नका,” तर ते शिस्त सांगत नाहीत, कायदा मोडायला सांगतायत. अमेरिकेतल्या त्या जागांनी आईला दाराबाहेर ठेवलं. आपला कायदा आईला खाटेशेजारी बसवतो. तो हक्क सोडू नका.

म्हणून कुठंही मूल ठेवण्याआधी हे विचारा. केंद्राची नोंदणी आहे का, कागद दाखवा. मुलांना तपासायला डॉक्टर कोण, कधी येतात? आम्ही न सांगता भेटायला आलो तर चालेल का? मुलाशी एकट्यानं बोलता येईल का? झोपायची खोली आणि संडास बघू द्या. चूक केली तर काय शिक्षा करता? उत्तर द्यायला कुणी चिडलं, तर चप्पल घालून परत फिरा.

पाठवण्याआधी दुसरे रस्तेही बघा. सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची सोय कुठं आहे, ते आशाताईंना विचारा. टेली-मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन केला की फुकट सल्ला मिळतो. पुष्कळ मुलं घरी राहून, उपचार घेऊन सावरतात.

आधीच कुठं ठेवलेलं मूल सुट्टीत आलं, तर पहिल्या दिवशी काही विचारू नका. जेवू द्या, झोपू द्या. मग बसवा. अंगावर वळ दिसले, मूल रात्री दचकून उठलं, एखाद्या माणसाचं नाव काढताच गप्प झालं, तर ते नाटक समजू नका. छळ वाटला तर १०९८ या मुलांच्या मदतफोनवर कळवा. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडं जा. मूल सांभाळणाऱ्या संस्थेच्या माणसानंच मुलाचा छळ केला, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे.

आणि ज्या मुलांना आई नाही, त्यांचं काय? गावातली जी मुलं बालगृहात, वसतिगृहात आहेत, त्यांची यादी आपल्या गटाकडं असली पाहिजे. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते. तिची बैठक कधी झाली, हे ग्रामसेवकांना विचारा. झाली नसेल तर पुढच्या ग्रामसभेत विषय मांडा. सणाला त्या मुलांना भेटायला दोघी-तिघी मिळून जा. बाहेरचं कुणीतरी येतं, नाव घेऊन विचारतं, हे आतल्या माणसांना ठाऊक असलं की हात उगारायला ते दहादा विचार करतात.

मुलं खोटं बोलतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. शाळेबद्दल बोलतील, पैशांबद्दल बोलतील. पण “आई, मला इथं मारतात” असं लेकरू म्हणालं, तर आधी जाऊन बघायचं. खोटं निघालं तर एसटीचं तिकीट वाया जाईल, एवढंच.