माकडाचा पंजा : दाराबाहेर नक्की कोण होतं?

आज एकच गोष्ट. एका बैठकीत, चहा गार व्हायच्या आत वाचून होईल एवढी छोटी. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स या इंग्रज लेखकाची 'द मंकीज पॉ', म्हणजे 'माकडाचा पंजा'. साल १९०२.

आधीच सांगतो, शेवट सांगितल्याशिवाय या गोष्टीबद्दल बोलताच येत नाही. वाचायची राहिली असेल तर इथेच पॉज करा आणि वाचून या.

आलात? चला.

जेकब्स खरं तर विनोदी लेखक. लंडनच्या गोदीजवळ, वॉपिंगला जन्मलेला. पोस्टाच्या बचत बँकेत कारकुनी केलेला. खलाशांच्या हलक्याफुलक्या गोष्टींसाठी लोक त्याला वाचायचे. आणि आज तो कशासाठी लक्षात आहे? तर या भीतीच्या गोष्टीसाठी! पण विनोदी लेखकाचा हात इथेही दिसतो. सुरुवात अगदी हसतखेळत आहे.

पावसाळी, गारठ्याची रात्र. व्हाइट बाबा आणि त्यांचा मुलगा हर्बर्ट बुद्धिबळ खेळतायत, आई शेकोटीपाशी विणतेय. बाबा काय करतात? गरज नसताना आपला राजा धोक्यात घालतात. चूक लक्षात येते, पण उशिरा. मग मुलाचं लक्ष पटावरून उडावं म्हणून वाऱ्याच्या गप्पा सुरू करतात. झालं! सुरुवातीलाच माणूस कळला. भला आहे, पण सगळं नीट चाललेलं असताना उगाच एक चाल खेळून बघणारा. पुढची अख्खी गोष्ट या एका चालीत आहे.

मग येतो त्यांचा जुना ओळखीचा, सार्जंट-मेजर मॉरिस. एकवीस वर्षं हिंदुस्थानात काढून आलेला. त्याच्याकडे वाळवलेला माकडाचा पंजा आहे. एका फकिराने तो मंतरलाय. तीन माणसांच्या प्रत्येकी तीन इच्छा पूर्ण होणार. आता, काही गूढ हवं असलं की त्या काळातले इंग्रज लेखक ते आपल्याकडून मागवायचे, हे थोडं हसू येण्यासारखं आहेच. पण फकिराचा हेतू बघा. माणसाचं आयुष्य नशिबाच्या हातात असतं आणि त्यात ढवळाढवळ करणारा पस्तावतो, हेच त्याला दाखवून द्यायचं होतं. म्हणजे धोक्याची सूचना वस्तूसोबतच आली होती. मॉरिस तर पंजा आगीत फेकून देतो. तो बाहेर कोण काढतं? व्हाइट बाबा. कोणीही त्यांना फसवलेलं नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता माझ्या मते गोष्टीतली सगळ्यात भयंकर जागा. दार वाजतं ती नाही, त्याच्या खूप आधीची. बाबा पंजा हातात घेऊन म्हणतात की काय मागू तेच कळत नाही, मला हवं ते सगळं आहे. आणि मुलगा सुचवतो : घराचे पैसे फिटले तर तुम्ही खूश व्हाल ना? मग मागा दोनशे पौंड.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून एक माणूस येतो. अंगात चांगले कपडे, डोक्यावर रेशमी हॅट. फाटकापाशी तीनदा थबकतो. हर्बर्ट यंत्रात सापडून गेलाय. कंपनी जबाबदारी घेत नाही, पण मुलाच्या कामाची कदर म्हणून काही रक्कम देतेय. किती? दोनशे पौंड.

कॉलेजात वाचली तेव्हा मला यात फक्त पंजा दिसला होता. नोकरी लागल्यावर परत वाचली आणि हर्बर्ट दिसला. कारण ते वाक्य मी स्वतः बोललोय. पहिला पगार झाला त्या दिवशी बाबांना म्हणालो होतो, "घराचे हप्ते एकदा संपले ना, की तुम्ही सुटलात." तेव्हा बाबा नुसते हसले होते.

आता प्लॉटची करामत बघा. यंत्रात माणूस सापडणं, कंपनीने पैसे देणं, रात्री दारावर थाप पडणं, हे सगळं पंजाशिवायही होऊ शकतं. जेकब्स एकदाही ठासून सांगत नाही की ही जादूच आहे. आणि दाराबाहेर कोण आहे, हे तो शेवटपर्यंत दाखवत नाही. दार उघडतं तेव्हा बाहेर रिकामा रस्ता आणि लुकलुकणारा दिवा. भूत आपल्या डोक्यात तयार होतं, कागदावर नाही.

आईकडेही नीट बघा. सुरुवातीला ती थट्टेने म्हणते की माझ्यासाठी हातांच्या चार जोड्या माग. शेवटी दार वाजतं, मुलगा आलाय म्हणून ती धावते, आणि वरचा बोल्ट तिच्या हाताला पोचत नाही. जादा हात मागणाऱ्या बाईचे दोन हात नेमके तिथे कमी पडतात. खुर्ची ओढत आणेपर्यंत वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात बाबा जमिनीवर चाचपडत पंजा शोधून तिसरी इच्छा मागतात.

काय मागतात? शब्द सांगितलेलेच नाहीत. फक्त थाप थांबते.

माझ्यातला इंजिनिअर इथे म्हणतो, अहो बाबा, एक इच्छा शिल्लक होती ना! 'मुलगा धडधाकट परत येऊ दे' एवढं मागायचं. दुसऱ्या इच्छेत अट लिहायची राहिली होती, ती आता टाकायची. पण बाबांनी मुलाचं शरीर पाहिलंय. ओळख पटली ती फक्त कपड्यांवरून. आईने ते पाहिलेलं नाही. दोघांचं प्रेम सारखंच आहे, पण माहिती सारखी नाही. सगळा सस्पेन्स त्या फरकावर उभा आहे. आणि बाबांना एक धडा मिळालाय : हा पंजा आपण बोललो तेच देतो, मनातलं देत नाही. त्याच्याशी पुन्हा सौदा करायची हिंमत त्यांच्यात उरलेली नाही.

म्हणून मला ते भित्रे वाटत नाहीत. पहिल्या रात्री पटावर चूक केल्यावर त्यांनी सारवासारव केली होती. या रात्री त्यांनी चूक स्वतःच्या हाताने निस्तरली. किंमत मात्र बायकोने दिली. तिचा मुलगा दुसऱ्यांदा गेला. दार उघडल्यावर तिचा जो आक्रोश ऐकू येतो, त्याला उत्तर त्यांच्याकडे नाही. माझ्याकडेही नाही.

तुम्ही त्या जिन्यापाशी असता तर काय मागितलं असतं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. आणि हो, आज रात्री दार वाजलं तर आधी विचारा, कोण आहे!

भेटूया.