घरच्या केबलचा वेग

दोन संगणक केबलनं जोडलेत, तरी लग्नाच्या व्हिडिओची फाइल सेकंदाला ११ मेगाबाइटच्या पुढे सरकत नाही? मग तो आकडाच सगळं सांगतोय. तुमची जोडणी १००० ऐवजी १०० मेगाबिटवर चालली आहे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० चे झाले साडेबारा, त्यातही थोडी घट. गिगाबिटवर, म्हणजे १००० मेगाबिटवर, हाच वेग ११० च्या आसपास मिळतो.

पुष्कळदा खोट केबलमध्येच असते. तिच्यात आठ तारा, म्हणजे चार जोड्या. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. प्लगमधली उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार सुटली तरी नेट चालू राहतं, आणि कुणाला शंकाही येत नाही! केबलवर ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ छापलेलं असलं की घरापुरतं झालं, त्याहून महाग घेऊ नका.

स्वस्त राउटरचे पोर्टही कित्येकदा १०० मेगाबिटचेच असतात. अशा वेळी दोन्ही संगणक एका गिगाबिट स्विचला जोडा. इंटरनेटचा प्लॅन वाढवून इथं काडीचा फरक पडत नाही. आणि हजारो बारीक फाइली असतील, तर प्रत्येकीमागे थोडा वेळ जातोच. आधी त्यांची एक झिप करून मग पाठवा.