दुष्काळी मातीतून पाण्यावर झेप

श्रोतेहो, शर्यत म्हटली की आपल्या सातारा-सांगलीकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी यात्रेतली बैलगाडी आणि तिच्यामागे उडणारा धुरळा येतो. युरोपात अशीच धुरळ्याची एक शर्यत मोटारसायकलींची असते. तिला स्पीडवे म्हणतात. अंडाकृती मातीच्या धावपट्टीवर चार फेऱ्या मारायच्या, वळण कायम डावीकडे आणि गाडीला ब्रेक नाहीत! थांबायची सोयच नसलेली ही शर्यत. तशीच एक शर्यत माणदेशातल्या एका मुलीने पायांनी जिंकून दाखवली. आज तिच्याविषयी बोलायचे आहे.

माण तालुक्यातले मोही हे गाव. पर्जन्यछायेतला मुलूख, कुसळांचे माळ आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी माणसे. याच गावी २ जून १९८९ रोजी ललिता बाबर यांचा जन्म झाला. लांब पल्ल्याच्या धावपटू म्हणून त्यांनी नाव कमावले आणि मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांच्या गटात सलग तीन वर्षे पहिला क्रमांक मिळवला. तिसरे विजेतेपद जानेवारी २०१४ मधले.

एवढे यश पदरात असताना कोणीही तीच वाट धरली असती. ललिताताईंनी मात्र ४२ किलोमीटरची शर्यत सोडून ३ हजार मीटर स्टीपलचेस निवडली. या शर्यतीत २८ अडथळे ओलांडावे लागतात आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून झेप घ्यावी लागते. साध्या हर्डल्समधला अडथळा पाय लागला की पडतो. इथला लाकडी अडथळा जड असतो, तो पडत नाही. पडतो तो धावणारा. अडथळा जवळ आला म्हणून वेग कमी केला तर लय मोडते. म्हणजे इथेही ब्रेक लावायची सोय नाही!

आता गंमत पाहा. ज्या मुलखात हंडाभर पाण्यासाठी पायपीट होते, तिथली मुलगी जगभर पाण्यावरून उड्या मारत होती.

बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव यांच्या हाताखाली सराव झाला आणि फळ लवकर मिळाले. सप्टेंबर २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कांस्यपदक, २०१५ मध्ये वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक, आणि त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी गाठून आठवा क्रमांक.

मग आले २०१६ चे रिओ ऑलिंपिक. प्राथमिक फेरीत त्या आपल्या गटात चौथ्या आल्या. पण ९ मिनिटे १९.७६ सेकंद हा नवा राष्ट्रीय विक्रम होता, आणि वेळेच्या जोरावर त्या अंतिम फेरीत पोहोचल्या. ऑलिंपिकमध्ये धावपट्टीवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला १९८४ च्या पी. टी. उषा यांच्यानंतर तब्बल ३२ वर्षांनी दिसली. अंतिम शर्यत झाली १५ ऑगस्टला. ललिताताई दहाव्या आल्या.

‘दहावाच ना?’ असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पण जगातून निवडून आलेल्या मोजक्या धावपटूंमधला तो दहावा क्रमांक होता. पदक मिळाले तरच कौतुक, ही आपली सवय खेळाडूला घातक आहे. त्यांचा राष्ट्रीय विक्रम सात वर्षे टिकला; २०२३ मध्ये बुडापेस्टला पारुल चौधरी यांनी तो मोडला. वाट पाडणारी पुढे गेली की मागून येणारीला धावणे सोपे जाते, ते असे.

रिओच्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे त्या राज्याच्या महसूल खात्यात अधिकारी झाल्या.

माणदेश सातारा-सांगलीच्या सीमेपाशी संपत नाही. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवले. कमी पावसाच्या या मातीत जिद्दीचे पीक चांगले येते, हे खरे. पण म्हणून जिद्दीच्याच भरवशावर पोरांना सोडून द्यायचे का? उद्या गावातली एखादी मुलगी पहाटे रस्त्याने धावताना दिसली, तर तिला हसू नका. गावच्या शाळेचे मैदान तिच्यासाठी मोकळे ठेवा. एवढे तर आपल्या हातात आहे.